विश्लेषण : कृष्णा भानजी ते ‘सर’ बेन किंग्सले... नाव बदलल्यावर काम मिळालेल्या अभिनेत्याची कारकीर्द काय सांगते?

११ एप्रिल १९८३. लॉस एंजेलिसमधील ऑस्कर सोहळा. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या पुरस्कारासाठी पॉल न्यूमन, जॅक लेमन, डस्टिन हॉफमन आणि पीटर ओटूल असे चार दिग्गज शर्यतीत होते. पाचवे नाव सिनेमाच्या प्रेक्षकांना जवळपास अनोळखी होते. ब्रिटिश रंगभूमीवर दीड दशक काम केलेला हा ३९ वर्षांचा नट मोठ्या पडद्यावर त्याआधी क्वचितच दिसला होता. पुरस्कार त्यालाच मिळाला. भूमिका होती मोहनदास करमचंद गांधी यांची आणि अभिनेत्याचे नाव होते बेन किंग्सले.

एका इंग्रज नटाने गांधी साकारले, असेच त्या वेळी अनेकांना वाटले. प्रत्यक्षात या ‘इंग्रज’ नटाचे जन्मनाव कृष्णा भानजी. कामे मिळावीत म्हणून त्याने भारतीय नाव बाजूला ठेवले आणि त्याला जगभर ओळख मिळाली ती भारतीय भूमिकेमुळेच. किंग्सले यांनी स्वतःही मुलाखतींमध्ये या विरोधाभासाकडे अनेकदा लक्ष वेधले आहे. त्यांची सुमारे सहा दशकांची वाटचाल त्यामुळे एका अभिनेत्याच्या यशापुरती उरत नाही. नाव, वर्ण आणि वंश यांच्यावरून कलावंताची ‘जागा’ कशी ठरते, याचाही तो आलेख आहे.

कृष्णा भानजी कोण?

३१ डिसेंबर १९४३ रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात, स्कारबरो शहराजवळच्या स्नेन्टन या गावात कृष्णा भानजी यांचा जन्म झाला. वडील रहीमतुल्ला हरजी भानजी हे डॉक्टर. त्यांचे कुटुंब मूळचे गुजराती, खोजा इस्मायली समाजातील. आजोबा भारतातून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील झांझिबारला गेले आणि मसाल्यांच्या, विशेषतः लवंगांच्या व्यापारात त्यांनी नाव कमावले. वडील शिक्षणासाठी लहान वयातच ब्रिटनमध्ये आले आणि तिथेच स्थायिक झाले. आई अॅना या इंग्रज. त्या अभिनय आणि मॉडेलिंग करत.

कृष्णा यांचे बालपण मँचेस्टरजवळच्या पेंडलबरी भागात गेले आणि शिक्षण नामांकित मँचेस्टर ग्रामर स्कूलमध्ये झाले. पुढे त्यांनी सॅलफर्डमधील महाविद्यालयात शिक्षण घेतले. तेथील नाट्यगृहाला नंतर त्यांचे नाव दिले गेले. तरुणपणी स्ट्रॅटफर्डला ‘तिसरा रिचर्ड’ या शेक्सपिअरच्या नाटकात इयन होम यांना पाहिले आणि आपल्याला हेच करायचे आहे हे पक्के झाले, असे किंग्सले सांगतात. हौशी नाट्यसंस्थांतून सुरुवात करून साठच्या दशकाच्या मध्यावर ते व्यावसायिक रंगभूमीवर आले.

या टप्प्यावर त्यांची वाट संगीताकडेही वळू शकली असती. ‘बीटल्स’चे व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन यांनी १९६६ मध्ये लंडनमध्ये आणलेल्या एका नाटकात ते गात आणि गिटार वाजवत. ते ऐकून जॉन लेनन यांनी आपल्याला संगीत क्षेत्रात येण्याचा सल्ला दिला होता, अशी आठवण किंग्सले सांगतात. त्यांनी मात्र नाटकच निवडले.

नाव का बदलावे लागले?

किंग्सले यांनी मुलाखतींमध्ये याचे उत्तर आडपडदा न ठेवता दिले आहे. कृष्णा भानजी या नावाने ते एका चाचणीला गेले. अभिनयाचे कौतुक झाले, पण येत्या हंगामात तुम्हाला कुठे बसवायचे हे आम्हाला समजत नाही, असे उत्तर मिळाले. नाव बदलल्यावर मात्र लगेच काम मिळाले. अभिनेता तोच होता, चेहरा आणि आवाजही तोच होता. बदलली होती ती फक्त अर्जावरची ओळ.

नवे नावही घरातूनच आले, ही यातली फारशी माहीत नसलेली बाब. लवंगांच्या व्यापारामुळे आजोबांना ‘किंग क्लोव्ह’ म्हणजे ‘लवंगांचा राजा’ म्हटले जाई. त्यावरून ‘किंग्सले’ हे आडनाव घेतले गेले. ‘बेन’ हे वडिलांच्या टोपणनावावरून आले. ऐकायला अस्सल इंग्रजी वाटणाऱ्या या नावात झांझिबारच्या गुजराती व्यापाऱ्याची आठवण दडलेली आहे. म्हणजे कृष्णा भानजी यांनी घराणे पुसून टाकले नाही. ज्यांच्या हाती निवड होती त्यांना ते दिसू नये, एवढीच व्यवस्था केली.

नाव बदलणे ही तर कलावंतांची जुनी रीत. मग यात वेगळे काय?

नाव बदलणारे किंग्सले काही एकटे नाहीत. मायकेल केन यांचे मूळ नाव मॉरिस मिकलव्हाइट. हेलन मिरेन यांच्या वडिलांनी मिरोनॉफ हे रशियन आडनाव बदलून मिरेन केले. आपल्याकडे युसुफ खान यांचे दिलीपकुमार झाले, तर महजबीं बानो यांची मीनाकुमारी. लक्षात राहील, उच्चारायला सोपे जाईल आणि पोस्टरवर शोभेल असे नाव घेणे हा या व्यवसायाचाच भाग मानला जातो.

तरीही नाव आकर्षक करणे आणि नावातून दिसणारा वंश झाकणे यांत फरक आहे. मुंबईत जन्मलेल्या मर्ल ओबेरॉन यांचे उदाहरण बोलके आहे. १९३५ च्या ‘द डार्क एंजल’साठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. मात्र आपली दक्षिण आशियाई मुळे त्यांनी आयुष्यभर लपवली. आपला जन्म ऑस्ट्रेलियातील टास्मानियात झाला, असे त्या सांगत राहिल्या. सत्य उजेडात आले ते त्यांच्या मृत्यूनंतर. झांझिबारमध्येच जन्मलेल्या आणि पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फारुख बलसारा यांना जगाने ओळखले ते फ्रेडी मर्क्युरी म्हणून.

किंग्सले या दोन टोकांच्या मधे उभे आहेत. त्यांनी नाव बदलले, पण मुळे नाकारली नाहीत. किंबहुना, नाव का बदलले हे ते उघडपणे सांगत राहिले. त्यामुळेच त्यांची गोष्ट आज पुराव्यासारखी वापरता येते.

रंगभूमीने काय दिले?

चित्रपटरसिकांना ‘गांधी’पासूनचे किंग्सले ठाऊक आहेत. पण त्याआधीची १५ वर्षे दुर्लक्षित करून चालणार नाही. १९६७ मध्ये ते रॉयल शेक्सपिअर कंपनीत दाखल झाले. या संस्थेत एकाच हंगामात अनेक नाटके आलटून-पालटून होतात. आज राजपुत्र झालेला नट उद्या चार ओळींचा सेवक होतो. आवाज, श्वास, शब्दफेक आणि सहकलाकाराकडे लक्ष देण्याची सवय यांची तालीम तिथे रोज होते.

पीटर ब्रुक यांनी १९७० मध्ये बसवलेल्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये किंग्सले यांनी डिमिट्रियस साकारला. झाडे आणि राजवाडा काढून टाकून पांढऱ्या पेटीसारखा रंगमंच, त्यात झोके आणि सर्कशीतल्या कसरती, असा हा प्रयोग विसाव्या शतकातील महत्त्वाच्या नाट्यप्रयोगांत गणला जातो. पुढे ‘महाभारत’ रंगमंचावर आणणारे ब्रुक ते हेच.

१९७५ मध्ये बझ गुडबडी या तरुण दिग्दर्शिकेने स्ट्रॅटफर्डच्या ‘द अदर प्लेस’ या पत्र्याच्या छोट्या नाट्यगृहात ‘हॅम्लेट’ केले. नायक होते किंग्सले. प्रेक्षक हाताच्या अंतरावर, नेपथ्य नाममात्र. नाटक रंगमंचावर येत असतानाच गुडबडी यांनी आयुष्य संपवले. त्यांच्या पश्चात हा प्रयोग गाजला. शेक्सपिअर मोठ्या आवाजात, दूरवर पोहोचवण्यासाठीच बोलायचा असतो या समजाला त्याने छेद दिला. जवळून पाहणाऱ्या प्रेक्षकासमोर शांतपणे बोलण्याची ही रीत कॅमेऱ्यासमोरही तितकीच लागते.

त्यानंतर नॅशनल थिएटरमध्ये पॉल स्कोफिल्ड यांच्यासह ‘वोल्पोनी’, १९८० मध्ये डिकन्सच्या कादंबरीवरील ‘निकोलस निकलबी’तील क्रूर शाळामास्तर स्क्विअर्स अशा भूमिका त्यांनी केल्या. दूरचित्रवाणीवरही ते दिसत होते. ‘कोरोनेशन स्ट्रीट’ या लोकप्रिय ब्रिटिश मालिकेत त्यांनी साठच्या दशकातच छोटी भूमिका केली होती. मात्र चित्रपट या काळात त्यांच्यापासून दूरच राहिला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचा ‘फिअर इज द की’ वगळता त्यांच्या नावावर मोठ्या पडद्यावरचे उल्लेखनीय काम नव्हते.

‘गांधी’ त्यांच्यापर्यंत कसा पोहोचला?

अभिनेते-दिग्दर्शक रिचर्ड अॅटनबरो यांच्या डोक्यात ‘गांधी’ सुमारे २० वर्षे होता. १९६२ मध्ये लंडनमधील भारतीय उच्चायुक्तालयात काम करणाऱ्या मोतीलाल कोठारी यांनी त्यांना फोन केला आणि लुई फिशर यांनी लिहिलेले गांधीजींचे चरित्र वाचायला सुचवले. अॅटनबरो यांनी पंडित नेहरूंची भेट घेतली. गांधीजींना देव करू नका, असा सल्ला नेहरूंनी दिल्याचे अॅटनबरो सांगत. नंतर नेहरू गेले, कोठारीही गेले. पैसे उभे राहत आणि पुन्हा अडत. मधल्या काळात अॅटनबरो यांनी सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’त जनरल औट्राम साकारला.

मुख्य भूमिकेसाठी अॅलेक गिनेस, अँथनी हॉपकिन्स, जॉन हर्ट अशा नावांचा वेगवेगळ्या वेळी विचार झाला. किंग्सले यांचे नाव सुचवले ते अॅटनबरो यांचे पुत्र, नाट्यदिग्दर्शक मायकेल यांनी. त्यांनी किंग्सले यांना रंगमंचावर पाहिले होते.

चित्रीकरण २६ नोव्हेंबर १९८० रोजी सुरू झाले आणि मे १९८१ मध्ये संपले. पीटरमारित्झबर्ग स्थानकावर रेल्वेच्या डब्यातून ढकलला जाणारा १८९३ मधील तरुण बॅरिस्टर ते १९४८ मधील ७८ वर्षांचे बापू, असा ५५ वर्षांचा पट एकाच नटाने पेलायचा होता. किंग्सले यांनी वजन कमी केले, शाकाहार आणि योगासने सुरू केली, चरखा चालवायला शिकले. गांधीजींच्या जुन्या चित्रफिती पुन:पुन्हा पाहिल्या.

चित्रपट पुन्हा पाहताना सर्वाधिक जाणवते ती त्यांची चाल आणि बोलणे. सुरुवातीचा सुटाबुटातला वकील ताठ, काहीसा अवघडलेला आणि लंडनमध्ये कमावलेल्या इंग्रजीत बोलणारा. कपडे कमी होत जातात तसा माणूस मोकळा होतो, बोलण्यात मिश्किली येते आणि पावले झपझप पडू लागतात. नुसत्या रंगभूषेने हे साधत नाही. अभिनयाची वर्षानुवर्षांची तालीम इथे कामी आली.

चित्रपटातील अंत्ययात्रेचे दृश्य गांधीजींच्या अंत्ययात्रेच्या ३३ व्या स्मृतिदिनी, ३१ जानेवारी १९८१ रोजी दिल्लीच्या राजपथावर चित्रित झाले. त्यासाठी तीन लाखांहून अधिक लोक जमले होते. १९१ मिनिटांच्या या चित्रपटाला ११ नामांकने आणि आठ ऑस्कर मिळाले. भारत सरकारने १९८४ मध्ये किंग्सले यांना पद्मश्रीने गौरवले.

मग भारतीय अभिनेता का नाही?

हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. नसीरुद्दीन शहा यांनाही चाचणीसाठी लंडनला बोलावण्यात आले होते. मात्र निवड आधीच झालेली होती, चाचणी हा उपचार होता, अशी आपली भावना झाल्याचे त्यांनी नंतर सांगितले आहे. हिंदी आवृत्तीत किंग्सले यांच्या गांधींना आवाज दिला तो पंकज कपूर यांनी. प्यारेलाल यांची भूमिकाही त्यांनीच केली होती. म्हणजे हिंदीतून ‘गांधी’ पाहणाऱ्या प्रेक्षकाने चेहरा ब्रिटनमधल्या नटाचा पाहिला आणि आवाज लुधियानात जन्मलेल्या नटाचा ऐकला.

आक्षेपात तथ्य आहे. आंतरराष्ट्रीय पैशावर उभ्या राहणाऱ्या चित्रपटात भारतीय नट नायक असू शकतो, ही कल्पनाच त्या काळी निर्मात्यांना पचणारी नव्हती. ज्या गोऱ्या नटांचा विचार झाला त्यांची यादी पाहिली तरी हे कळते. दुसरीकडे, किंग्सले यांच्या बाबतीत हा आक्षेप पूर्ण लागूही पडत नाही. त्यांचे वडील गुजराती वंशाचे होते आणि गांधीजीही गुजराती. एरवी ज्या नावामुळे काम मिळत नव्हते, तेच नाव इथे त्यांची बाजू भक्कम करणारे ठरले असते. पण त्या नावाने ते या भूमिकेपर्यंत पोहोचू शकले असते का? कारण आधी रंगभूमीवर मोठ्या भूमिका मिळायला हव्या होत्या आणि त्यांची वाट नव्या नावाने मोकळी झाली होती.

महाराष्ट्राचा वाटा किती?

‘गांधी’ची चर्चा किंग्सले आणि अॅटनबरो यांच्यापाशी थांबते, तेव्हा मराठी कलावंतांचा वाटा झाकोळतो. कस्तुरबांची भूमिका करणाऱ्या रोहिणी हट्टंगडी मूळच्या पुण्याच्या, पूर्वाश्रमीच्या रोहिणी ओक. त्यांनी राष्ट्रीय नाट्य विद्यालयात इब्राहिम अल्काझी यांच्या हाताखाली शिक्षण घेतले. तरुण पत्नी ते वृद्ध बा हा प्रवास त्यांनीही तितक्याच ताकदीने केला. त्यासाठी ‘बाफ्टा’चा सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार त्यांना मॉरीन स्टेपलटन यांच्यासह विभागून मिळाला.

गांधीजींचे राजकीय गुरू गोपाळ कृष्ण गोखले यांची भूमिका डॉ. श्रीराम लागू यांनी केली. पुण्याच्या ज्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजी आणि कस्तुरबा स्थानबद्ध होते आणि जिथे २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांनी अखेरचा श्वास घेतला, त्याच वास्तूत चित्रपटाचे चित्रीकरण झाले.

वेशभूषेचे ऑस्कर भानू अथैया यांना जॉन मोलो यांच्यासह विभागून मिळाले. मूळच्या कोल्हापूरच्या असलेल्या, माहेरच्या राजोपाध्ये असलेल्या अथैया या ऑस्कर जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय. किंग्सले यांच्या गांधींचा सुटापासून पंचापर्यंतचा प्रवास पडद्यावर विश्वासार्ह वाटतो, त्यात वेशभूषेचा मोठा हात आहे. या तिघांपैकी कुणालाही या कामासाठी नाव बदलावे लागले नाही. कारण ते इथल्या रंगभूमीवर आणि इथल्या चित्रसृष्टीत आधीच आपापल्या नावाने उभे होते. ब्रिटनमधील कृष्णा भानजींना तशी जमीन उपलब्ध नव्हती.

‘गांधी’नंतर काय?

एवढ्या मोठ्या भूमिकेनंतर नट तिच्यातच अडकून पडतो, असा अनुभव आहे. किंग्सले यांनी तो धोका ओळखून वेगळ्या वाटेच्या भूमिका घेतल्या. लगेचच १९८३ मध्ये हॅरॉल्ड पिंटर यांच्या नाटकावरील ‘बिट्रेयल’ आला. १९८५ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीसाठी त्यांनी ‘ऑथेल्लो’ केले, समोर इयागोच्या भूमिकेत डेव्हिड सुशे होते. १९९७ मध्ये लंडनच्या ‘ओल्ड विक’मध्ये पीटर हॉल दिग्दर्शित ‘वेटिंग फॉर गोदो’त ते एस्ट्रागॉन झाले.

चित्रपटात ‘बग्सी’ (१९९१) मधील गुन्हेगारी टोळीचा हिशेबी मायर लान्स्की त्यांना दुसरे ऑस्कर नामांकन देऊन गेला. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘शिंडलर्स लिस्ट’ (१९९३) मध्ये त्यांनी ज्यू हिशेबनीस इत्झाक स्टर्न साकारला. जिवंत ठेवायच्या माणसांची यादी टंकलेखन यंत्रावर उतरवणारा हा माणूस फार कमी बोलतो. पण चित्रपटाची नैतिक बाजू त्याच्या चेहऱ्यावर दिसत राहते. नाझींच्या छळातून वाचलेले सायमन वीसेन्थाल आणि अॅन फ्रँकचे वडील ऑटो फ्रँक यांच्या भूमिकाही त्यांनी दूरचित्रवाणीसाठी केल्या.

गांधींची प्रतिमा पूर्ण मोडली ती ‘सेक्सी बीस्ट’ने. २००० मधील या ब्रिटिश चित्रपटातील डॉन लोगन हा गुंड समोरच्याला बोलण्यानेच नामोहरम करतो. शिव्यांचा अखंड मारा, न मिटणारे डोळे आणि कुठल्याही क्षणी स्फोट होईल असा ताण. अहिंसेच्या पुजाऱ्याची भूमिका करणारा हाच का तो नट, असा प्रश्न पडावा. या व्यक्तिरेखेसाठी आईकडच्या आजीचा वर्णद्वेषी, जहरी स्वभाव डोळ्यांसमोर ठेवल्याचे किंग्सले यांनी सांगितले आहे. म्हणजे परकेपणाची पहिली झळ त्यांना रंगभूमीच्याही आधी घरातच बसली असावी. या भूमिकेला नामांकन मिळाले आणि २००३ च्या ‘हाउस ऑफ सँड अँड फॉग’मधील इराणी कर्नलला चौथे.

२००२ मध्ये ब्रिटनने त्यांना ‘नाइट’ किताब दिला आणि ते ‘सर बेन’ झाले. चित्रपटाच्या पोस्टरवरही ‘सर’ छापले गेल्याने त्यावर टीका झाली. बडेजाव म्हणून त्याकडे पाहता येते. पण नावासाठी एकेकाळी इतकी मोठी तडजोड केलेल्या माणसाला आपले नाव पूर्ण घेतले जावेसे वाटले, तर त्यात फार नवल नाही.

सगळ्याच भूमिका जमल्या का?

नाही. किंग्सले यांची यादी जितकी लांब, तितकीच असमान आहे. ‘थंडरबर्ड्स’, ‘ब्लडरेन’ यांसारख्या फसलेल्या चित्रपटांतही ते दिसतात. २००८ च्या ‘द लव्ह गुरू’मध्ये त्यांनी तिरळ्या भारतीय गुरूची विनोदी भूमिका केली. हा चित्रपट हिंदू परंपरेची टिंगल करतो, असा आक्षेप अमेरिकेतील काही हिंदू संघटनांनी घेतला होता आणि समीक्षकांनीही तो नाकारला. गांधींना माणूस म्हणून उभे करणाऱ्या नटानेच भारतीय व्यक्तिरेखेचे अर्कचित्र रंगवावे, हे खटकणारेच होते.

ज्यू, इराणी, अरब, भारतीय... हॉलीवूडला ‘गोरा नसलेला’ वा ‘परका’ माणूस हवा असला की किंग्सले यांची आठवण होई. एका अर्थी ही त्यांच्या क्षमतेला दाद. दुसऱ्या अर्थी, त्या-त्या समाजातील नटांना डावलून ‘कुठलाही’ दिसू शकणारा एक चेहरा वापरण्याची ती सोय होती. या सोयीचा फायदा किंग्सले यांना झाला, हे मान्य करावे लागते.

या खेळाची फिरकी घेणारी भूमिकाही त्यांनीच केली. ‘आयर्न मॅन ३’ (२०१३) मध्ये जगाला धमकावणारा दहशतवादी ‘मँडरिन’ हा शेवटी भाड्याने आणलेला, दारूच्या आहारी गेलेला ब्रिटिश नट ट्रेव्हर स्लॅटरी निघतो. वेश, दाढी आणि घोगरा आवाज एवढ्यावर लोक ‘परका शत्रू’ उभा करतात, हे त्या प्रसंगात हसत-खेळत उघडे पडते. पुढे ‘शांग-ची’ (२०२१) मध्ये हा ट्रेव्हर परत आला.

भारताशी नाते उरले का?

नाते तुटले नाही, पण घट्टही झाले नाही. २०१० मध्ये लीना यादव दिग्दर्शित ‘तीन पत्ती’ या हिंदी चित्रपटात त्यांनी अमिताभ बच्चन यांच्यासह काम केले. ‘लर्निंग टू ड्राइव्ह’ (२०१४) मध्ये ते न्यूयॉर्कमधील शीख टॅक्सीचालक झाले. धर्म आणि वेश न सोडता परक्या शहरात सन्मानाने जगणारा हा माणूस त्यांनी कुठलाही भडकपणा न आणता उभा केला. ‘लव्ह गुरू’ची भरपाई म्हणून या भूमिकेकडे पाहता येईल. २०१६ च्या ‘द जंगल बुक’मध्ये मोगलीला सांभाळणाऱ्या बघीराला आवाज त्यांचाच. वयाच्या ऐंशीनंतरही ते काम करत आहेत. २०२५ मध्ये आलेल्या ‘द थर्सडे मर्डर क्लब’मध्ये हेलन मिरेन आणि पिअर्स ब्रॉस्नन यांच्यासह ते इब्राहिम या निवृत्त मानसोपचारतज्ज्ञाच्या भूमिकेत दिसले.

आज एखाद्या कृष्णा भानजीला नाव बदलावे लागेल का?

चित्र निश्चितच बदलले आहे. देव पटेल यांनी स्वतःच्या नावाने कारकीर्द घडवली आणि २०१९ मध्ये डिकन्सचा डेव्हिड कॉपरफिल्ड साकारला. ही व्यक्तिरेखा इंग्रजी साहित्यातील अस्सल इंग्रज. तिच्यासाठी भारतीय वंशाचा नट निवडताना दिग्दर्शक आर्मांडो इआनुची यांनी कुठलेही स्पष्टीकरण कथेत घातले नाही. पाकिस्तानी वंशाचे रिझ अहमद यांना ‘साउंड ऑफ मेटल’साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर नामांकन मिळाले आणि त्या भूमिकेचा त्यांच्या वंशाशी संबंध नव्हता.

मात्र हा बदल आपोआप झालेला नाही आणि पूर्णही झालेला नाही. मोजकी नावे पुढे आली म्हणून निवड करणाऱ्यांची दृष्टी बदलली, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. ‘तुम्हाला कुठे बसवायचे?’ हा प्रश्न आज तोंडावर विचारला जात नाही. पण दहशतवादी, टॅक्सीचालक, डॉक्टर अशा ठरावीक साच्यांतून तो अजून डोकावतो, अशी तक्रार दक्षिण आशियाई वंशाचे कलावंत करत असतात.

वेस अँडरसन यांच्या ‘द वंडरफुल स्टोरी ऑफ हेन्री शुगर’ या २०२३ मधील लघुपटात या दोन पिढ्या एकत्र आल्या. त्यात किंग्सले डोळे न वापरता पाहू शकणाऱ्या इमदाद खान या भारतीय कलावंताच्या भूमिकेत आहेत आणि देव पटेल त्याला तपासणाऱ्या डॉक्टर चॅटर्जींच्या. २०२४ मध्ये या लघुपटाला ऑस्कर मिळाले. श्रेयनामावलीत दोघांचीही नावे आहेत. एक जन्माने मिळालेले, दुसरे काम मिळावे म्हणून घेतलेले.